जुने उपकरण विकल्यानंतर : पैसे परतीचे तंटे कसे मिटवावेत ?

खेड्यातील घरांत मोबाईल फोन, दूरचित्रवाणी संच, इन्व्हर्टर आणि लॅपटॉप ही उपकरणे आता नित्याची झाली आहेत. शेतावरही विहिरीवरील मोटारीचा मोबाईल स्टार्टर, बॅटरीवर चालणारा फवारणी पंप, कुंपणाचे झटका यंत्र व इलेक्ट्रॉनिक वजनकाटा दिसू लागला आहे. नवे उपकरण घरात आले की जुने विकून त्याचे चार पैसे करावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. पूर्वी अशा वस्तूला गावात गिऱ्हाईक मिळत नसे. आता ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेस यांसारख्या ठिकाणी छायाचित्र व किंमत टाकली की दूरच्या शहरातूनही मागणी येते आणि पैसे यूपीआयने घरबसल्या खात्यात जमा होतात.

ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या पाठोपाठ एक नवा तंटाही गावात आला आहे. विक्रीनंतर आठ दिवसांनी निरोप येतो, “फोन खराब निघाला, पैसे परत करा.” दरम्यान ते पैसे बियाण्यात आणि खतात गेलेले असतात. मृगाच्या तोंडावर आठ-नऊ हजार रुपये पुन्हा उभे करणे लहान शेतकऱ्यास सोपे नसते. उलट पक्षी, घेणाराही बहुधा बेताच्या प्राप्तीचाच माणूस असतो. त्याने साठविलेल्या पैशातून जुना फोन घेतलेला असतो, आणि तो बंद पडला म्हणजे त्याचाही जीव तुटतो. म्हणून अशा प्रसंगी “दिले ते दिले” असे म्हणून हात झटकणे योग्य नाही, आणि घाबरून जाऊन मागेल तितके देऊन टाकणेही योग्य नाही. खरे काय घडले हे पाहून न्यायाने वागणे, हाच मार्ग होय. तो मार्ग सुलभ व्हावा अशी तयारी विक्रीपूर्वीच कशी करावी आणि तक्रार आल्यावर क्रमाने काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

गुरांच्या बाजारातील शहाणपण

बैलाचा सौदा कसा होतो हे आपल्या शेतकऱ्यांना शिकवावयास नको. घेणारा दात पाहतो. बैल दुदाती आहे, चौदाती आहे की जुळलेला आहे हे ठरवितो. तो बैल चालवून पाहतो, शक्य तर औताला किंवा गाडीला जुंपूनही पाहतो. बैल बसका आहे काय, मारका आहे काय, बुजतो काय, हे विचारतो. प्रामाणिक विकणारा असलेली खोड सांगतो आणि त्या मानाने किंमत कमी घेतो. सौदा पुरा झाला म्हणजे पावती होते व बैल दुसऱ्याच्या दावणीला जातो.

या रीतीत तीन गोष्टी आहेत : खोड सांगणे, जुंपून पाहणे आणि पावती करणे. ऑनलाइन विक्रीत घेणारा दूर असतो. तो दात पाहू शकत नाही व जुंपूनही पाहू शकत नाही, आणि पावती करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. बहुतेक तंट्यांचे मूळ या तीनपैकी एखाद्या गोष्टीच्या अभावात सापडते. ओएलएक्ससारखी ठिकाणे मुख्यतः घेणारा व विकणारा यांची गाठ घालून देतात. पैसा जर या हातातून त्या हातात परस्पर गेला असेल, तर तंटाही त्या दोघांनाच सोडवावा लागतो. तेव्हा ही तीन कामे विकणाऱ्याने स्वतः होऊन करणे अगत्याचे आहे.

तंटे कोणत्या प्रकारचे असतात ?

तक्रार आली की ती पुढील चार प्रकारांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे प्रथम ओळखावे, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

(१) वस्तू जाहिरातीप्रमाणे नसणे. जाहिरातीत १२८ जीबी साठवण लिहिली आणि प्रत्यक्षात ६४ निघाली, किंवा “पडदा मूळचा” असे सांगितले आणि तो बदललेला निघाला. येथे चूक सामान्यतः विकणाऱ्याची असते.

(२) दोष होता पण तो सांगितला गेला नाही. बॅटरी लवकर उतरते, चार्जिंगची पिन सैल आहे, स्पीकर खरखरतो, अशा तक्रारी यात मोडतात. तंट्यांचा मोठा भाग हाच असतो.

(३) बिघाड वाटेत किंवा घेणाऱ्याच्या हातून झालेला असणे. पार्सलमध्ये दूरचित्रवाणीची काच तडकणे, फोन पाण्यात पडणे, बाहेरच्या दुकानात उघडला जाणे, ही याची उदाहरणे होत.

(४) तक्रारच खोटी असणे. वस्तू ठीक असूनही किंमत मागाहून कमी करून घ्यावी, चांगला भाग काढून घेऊन वाईट भाग बसवून परत द्यावा, किंवा “परतावा” या नावाखाली पैसे उकळावेत, असा तिचा हेतू असतो.

विक्रीपूर्वी करावयाची कामे

खोड आधी सांगावी. जाहिरात लिहिताना गुणांबरोबर दोषही लिहावेत. त्यामुळे गिऱ्हाईक कमी येईल ही भीती बाळगू नये. जे येईल ते समजून-उमजून येईल. नमुन्यादाखल पुढील मजकूर पाहावा :

“फोन साडेतीन वर्षे वापरलेला. साठवण १२८ जीबी. एकदा पडल्याने पडदा बदलला आहे. बसविलेला पडदा मूळ कंपनीचा नाही. बॅटरी पूर्ण भरल्यावर साधारण सहा तास पुरते. मागील कॅमेरा, स्पीकर व चार्जिंग चालू आहे. खोका नाही, खरेदीचे बिल आहे. घेण्यापूर्वी समक्ष तपासून पाहावा.”

या मजकुरात “उत्तम स्थितीत”, “नव्यासारखा” असे मोघम शब्द नाहीत, हे लक्षात घ्यावे. मोघम शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीचा करतो आणि भांडण तेथून सुरू होते. “सहा तास पुरते” हे मोजून पाहता येते. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे, हेही घेणाऱ्यास समजावून द्यावे. आयफोन १४ व त्यापूर्वीच्या फोनांच्या बॅटऱ्या, आदर्श परिस्थितीत ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता राखतील अशा बनविल्या आहेत, असे खुद्द ॲपल कंपनी सांगते. तीन-चार वर्षे वापरलेल्या फोनची बॅटरी नव्याप्रमाणे चालावी ही अपेक्षाच चुकीची आहे. पण ती चुकीची आहे हे आधी सांगितलेले असावे.

प्रश्नाला उत्तर द्यावे, मौन धरू नये. घेणारा व्हॉट्सॲपवर लिहितो, “काही बिघाड असेल तर सांगा, नाहीतर सर्व ठीक आहे असे समजतो.” अशा संदेशाला उत्तर न देणे धोक्याचे आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १७ मध्ये घोड्याचे एक उदाहरण दिलेले आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून विकणारा नुसता गप्प राहिला तर ती एरवी लबाडी ठरत नाही. परंतु घेणाऱ्याने “तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष समजेन” असे म्हटल्यावर जर तो गप्प राहिला, तर त्याचे मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते. जाणूनबुजून दोष झाकणे ही तर सरळ लबाडीच होय. घोड्याला जो न्याय तोच मोबाईलला.

ओळख नोंदवून ठेवावी. प्रत्येक मोबाईल फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की तो पडद्यावर दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. ते वहीत लिहावेत व त्यांचे छायाचित्र घ्यावे. दूरचित्रवाणी, इन्व्हर्टर किंवा लॅपटॉप यांवरील अनुक्रमांकाची पट्टीही छायाचित्रात घ्यावी. पुढे परत आलेली वस्तू तीच आहे की दुसरी, हे केवळ या क्रमांकांवरूनच ठरविता येते. घेणाऱ्यालाही हा क्रमांक उपयोगी पडतो. केवायएम ही इंग्रजी अक्षरे लिहून, एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक १४४२२ या क्रमांकावर संदेशाने पाठविला की त्या फोनची माहिती मिळते. दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या संचार साथी या व्यवस्थेतही ही तपासणी करता येते. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तो येथे उघडकीस येतो.

आपले खाते काढून टाकावे. “फोन चालूच होत नाही, जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो” ही तक्रार वारंवार येते. अँड्रॉइड फोनमधील गुगल खाते न काढता फोन पुसून टाकला, तर चोरी रोखण्यासाठी बसविलेले कुलूप लागते आणि जुने खाते दिल्यावाचून ते उघडत नाही. आयफोनमध्येही अशीच व्यवस्था आहे. म्हणून प्रथम सेटिंगमध्ये जाऊन खाते काढावे, बँकेची व यूपीआयची ॲपे बंद करावीत, सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे आणि मगच फोन पुसावा.

पुरावा विकू नये. घेणाऱ्याशी झालेले सर्व बोलणे ज्या फोनवर झाले, तोच फोन पुसून विकला म्हणजे पुरावाही त्याबरोबर जातो. तेव्हा जाहिरातीचे छायाचित्र, संदेशांची प्रत व वस्तूची छायाचित्रे आधी दुसऱ्या फोनवर हलवावीत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अमलात आला आहे. त्याच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदी ठरलेल्या प्रमाणपत्रासह पुराव्यात घेता येतात. संदेश पुसून टाकले तर आपली बाजू खरी असूनही दाखविता येत नाही.

ताबा देताना : जुंपून दाखवावे आणि पावती करावी

शक्य तोवर वस्तू समक्ष द्यावी. तालुक्याच्या गावी, दिवसा, वर्दळीच्या जागी भेटावे. फोन असेल तर घेणाऱ्याचे सिम घालून एक बोलणे करून पाहू द्यावे. कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग व स्पर्शपडदा चालवून दाखवावा. इन्व्हर्टर विकताना दोन पंखे व तीन दिवे लावून तो तासभर चालवून दाखवावा. फवारणी पंपात पाणी भरून फवारा उडवून दाखवावा. वजनकाट्यावर ठाऊक असलेले वजन ठेवून दाखवावे. व्यापारासाठी वापरावयाच्या काट्यावर वैधमापन खात्याची मुद्रा लागते. तिची मुदत संपली असल्यास तेही सांगावे.

त्यानंतर साध्या कागदावर दोन प्रती करून पुढीलप्रमाणे पावती लिहावी :

“खाली सही करणार यांनी अमुक कंपनीचा, अमुक आयएमईआय क्रमांकाचा जुना मोबाईल फोन आज रोजी रुपये ९,००० यूपीआयने देऊन घेतला. पडदा बदललेला असून बॅटरी साधारण सहा तास पुरते हे विकणाऱ्याने सांगितले आहे. फोन चालवून पाहिला. तीन दिवसांच्या आत न सांगितलेला दोष आढळल्यास विकणारा फोन परत घेऊन पूर्ण रक्कम त्याच खात्यात परत करील. पडणे, पाणी लागणे किंवा बाहेर उघडणे यांमुळे झालेल्या बिघाडास विकणारा जबाबदार नाही.”

तीन दिवसांची मुदत देणे म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेणे, असे कित्येकांस वाटेल. परंतु मुदत लिहिली नाही तर तक्रार कधीही येऊ शकते. मुदत लिहिल्याने तिला सीमा पडते. तेवढे तीन दिवस विक्रीचे पैसे खर्चू नयेत. पेरणीची निकड असेल तर विक्री आठ दिवस आधी करावी, हे उत्तम.

पार्सलने पाठविणे भागच असेल, तर वस्तू चालू स्थितीत दाखवून, तिचा क्रमांक दाखवून, खोक्यात भरून खोके चिकटविण्यापर्यंतचे सलग चलचित्र घ्यावे. मध्ये खंड पडू देऊ नये. घेणाऱ्यालाही खोके उघडतानाचे तसेच चलचित्र घेण्यास आधीच सांगावे. दूरचित्रवाणीचा पडदा सपाट न ठेवता उभा बांधावा आणि चारही बाजूंस मऊ भरण घालावे. सुटी लिथियम बॅटरी पार्सलात घालू नये. दाब बसल्यास ती पेट घेते.

कायदा काय सांगतो ?

मालविक्री अधिनियम, १९३० हा जुना कायदा जुन्या मोबाईललाही लागू पडतो. त्यातील चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, वर्णन सांगून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे. दुसरी, वर्णन पाळले असेल तर वस्तूच्या गुणाबद्दल सर्वसाधारणपणे हमी गृहीत धरली जात नाही. घेणाऱ्याने पाहून घ्यावे अशी अपेक्षा असते. मात्र जो अशा वस्तूंचा धंदाच करतो त्याच्यावर जास्त जबाबदारी येते. तिसरी, घेणाऱ्यास वस्तू तपासण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. चौथी, वाजवी मुदतीत नापसंती न कळविता त्याने वस्तू ठेवून घेतली, तर त्याने ती स्वीकारली असे मानले जाते. त्यानंतर कराराचा भंग सिद्ध झाला तरी सामान्यतः त्याला नुकसानभरपाई किंवा किंमतीत सूट मागता येते. वस्तू परत करून सर्व पैसे मागता येत नाहीत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे नियमितपणे धंदा करणाऱ्यांसाठी आहेत. एखादा माणूस खासगी नात्याने, धंदा म्हणून नव्हे, आपली वस्तू विकत असेल तर ते नियम त्यास लागू होत नाहीत. परंतु गावातील एखादा तरुण जुने फोन घेऊन, दुरुस्त करून नेहमी विकत असेल, तर त्याने स्वतःला व्यापारी समजूनच वागावे व बिल द्यावे.

“विकलेला माल परत घेतला जाणार नाही” एवढे वाक्य लिहिले की झाले, अशी एक समजूत आहे. प्रामाणिक विकणाऱ्याला त्या वाक्याचा आधार होतो. परंतु ज्याने खोटे वर्णन केले किंवा दोष झाकला, त्याला ते वाक्य वाचवू शकत नाही.

तक्रार आल्यावर क्रमाने काय करावे ?

प्रथम, त्याच दिवशी उत्तर द्यावे. उत्तर न मिळाल्याने घेणाऱ्याला आपण फसविले गेलो असे वाटते, आणि साध्या शंकेचे रूपांतर पोलिसांकडील तक्रारीत होते. उत्तर लेखी असावे. फोनवर बोलणे झाले तरी त्याचा सारांश मागाहून लिहून पाठवावा. रागाचा शब्द लिहू नये. उदाहरणार्थ :

“आपला निरोप पोहोचला. फोनमध्ये नेमका कोणता दोष आढळतो, तो केव्हापासून आढळतो आणि दरम्यान फोन कोठे उघडला होता काय, हे कळवावे. दोष दिसेल असे चलचित्र व आयएमईआय क्रमांकाचे छायाचित्र पाठवावे. ते पाहून दोन दिवसांत उत्तर देतो.”

दुसरे, आलेली माहिती आपल्या नोंदींशी ताडून पाहावी. क्रमांक जुळतो काय ? हा दोष आपल्या हातात असताना होता काय ? तो जाहिरातीत किंवा पावतीत लिहिला होता काय ? येथे स्वतःशी खरे बोलणे आवश्यक आहे. घरातील मुलाने फोन वापरला असेल तर त्यालाही विचारावे. पाणी गेल्याची तक्रार असेल, तर कित्येक फोनांत सिमच्या खाचेजवळ पाण्याने रंग बदलणारी खूण असते, ती पाहता येते.

तिसरे, निर्णय करावा. तो कसा करावा हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. फोन ९,००० रुपयांस विकला आहे. तिसऱ्या दिवशी घेणारा कळवितो की बॅटरी तीन तासांत संपते.

जाहिरातीत “बॅटरी दिवसभर पुरते” असे लिहिले असेल, तर तक्रार रास्त आहे. येथे दोन वाटा आहेत. फोन परत घेऊन ९,००० रुपये द्यावेत, किंवा नवी बॅटरी बसविण्याचा खर्च द्यावा. तो खर्च १,४०० रुपये असेल तर तेवढे देऊन तंटा मिटतो. घेणाऱ्याला चालता फोन मिळतो आणि विकणाऱ्यावर एकदम ९,००० रुपयांचा भार पडत नाही. पैसे बियाण्यात गेले असतील तेव्हा दुसरी वाट दोघांच्याही सोयीची असते. मात्र ती घेणाऱ्याच्या संमतीनेच घ्यावी. त्याला फोनच नको असेल तर परत घ्यावा, आणि चूक आपली असल्याने पार्सलचा खर्चही आपणच सोसावा.

जाहिरातीत “साधारण सहा तास पुरते” असे लिहून, समक्ष दाखवूनही दिले असेल, तर घेणाऱ्याचा वापर कसा आहे हे विचारावे. सतत चलचित्रे पाहिल्यास कोणतीही बॅटरी लवकर उतरते. तरीही त्याचे समाधान होत नसेल आणि पावतीतील तीन दिवस संपले नसतील, तर दोघांनी मिळून एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात बॅटरी तपासून घ्यावी व तेथील निर्णय मानावा.

दहाव्या दिवशी पडदा फुटल्याची तक्रार आली, तर पावती व छायाचित्रे पाठवून नम्रपणे नकार द्यावा. नकार देताना कारण लिहावे. “जमणार नाही” एवढेच लिहू नये.

चौथे, सूट मागणाऱ्याची पारख करावी. काही जण दोष सांगतात, पण वस्तू परत द्यावयास तयार नसतात. “दोन हजार परत द्या, नाहीतर तक्रार करतो” असे म्हणतात. अशा वेळी शांतपणे लिहावे, “फोन जसा दिला तसा आणून द्यावा, क्रमांक ताडून पाहतो व पूर्ण रक्कम परत करतो.” ज्याची अडचण खरी आहे तो बहुधा हे मान्य करतो. ज्याला केवळ किंमत पाडून हवी असते, तो बहुधा येथे थांबतो.

पैसे परत करताना

वस्तू आधी हाती घ्यावी, क्रमांक जुळवावा, चालू करून पाहावी आणि मगच पैसे द्यावेत. ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात ती परत करावी. “माझ्या भावाच्या खात्यात टाका” असे कोणी म्हटल्यास मान्य करू नये. मूळ रक्कम दुसऱ्या कोणाला फसवून आलेली असेल, तर तपासात आपले खाते गोठविले जाऊ शकते. त्या वेळी पैसा ज्या वाटेने आला त्याच वाटेने गेला हे दाखविता आले, तर आपला खरेपणा पटवून देणे सोपे जाते.

रक्कम दिल्यावर दोघांनी एक ओळ लिहून घ्यावी : “या व्यवहाराबाबत आता एकमेकांकडे काही येणे-देणे राहिले नाही.” अंशतः सूट दिली असेल तर ही ओळ अधिकच महत्त्वाची आहे, नाहीतर तोच तंटा महिन्याने पुन्हा उभा राहतो.

परताव्याच्या नावाने होणारी फसवणूक

काही लोक घेणारे म्हणूनच येतात, परंतु त्यांचा डोळा वस्तूवर नसून आपल्या खात्यावर असतो. फौजी असल्याची बतावणी करणे ही त्यांची जुनी युक्ती आहे. दुसरी युक्ती अशी : “चुकून १०,००० ऐवजी २०,००० आले, जास्तीचे परत करा” असे म्हणून बँकेसारखा दिसणारा खोटा संदेश पाठवितात. प्रत्यक्षात खात्यात काहीच आलेले नसते. म्हणून संदेशावर किंवा पाठविलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात शिल्लक स्वतः पाहावी.

एक नियम घरातील प्रत्येकाने पाठ करावा : पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. क्यूआर चौकट स्कॅन करून पिन घातला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत. एका व्यक्तीने दुसरीकडे पैशाची मागणी पाठविण्याची यूपीआयमधील सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली आहे; तथापि क्यूआरची फसवणूक चालूच आहे. “परतावा देण्यासाठी” म्हणून कोणी आपल्या फोनचा पडदा दूरून पाहण्याचे ॲप घ्यावयास सांगितल्यास ते घेऊ नये. फसवणूक झालीच तर एक तासही न दवडता १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार नोंदवावी. वेळेवर कळविल्यास रक्कम वाटेत अडविता येण्याचा संभव असतो. ती काढून घेतली गेल्यावर उपाय अवघड होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

अनेक शेतकरी या गोष्टी मुलांवर सोपवितात. मुलाला फोन चालविता येतो, पण व्यवहाराचा अनुभव नसतो. वडिलांना व्यवहाराचा अनुभव असतो, पण फोनमधील मजकूर वाचता येत नाही. कार्यकर्त्यांनी या दोहोंची सांगड घालून द्यावी. पावतीचा नमुना मोठ्या अक्षरांत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. कोणाचा तंटा उभा राहिला तर प्रथम दोन्ही बाजूंचे संदेश वाचून पाहावेत, आणि आपल्या गावच्या माणसाची चूक असेल तर ती त्याला स्पष्टपणे सांगावी. गावच्या माणसाची बाजू घेणे म्हणजे त्याची चूक झाकणे नव्हे. समेट होत नसेल आणि विकणारा धंदेवाईक असेल, तर घेणाऱ्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ उपलब्ध आहे. खासगी व्यवहारात दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी असते. परंतु नऊ हजारांच्या वस्तूसाठी ती चालण्यापूर्वी खर्चाचा व वेळेचा हिशेब करावा.

जुनी वस्तू विकणे यात कमीपणा नाही आणि न्याय्य तक्रार मान्य करून पैसे परत देणे यातही कमीपणा नाही. जे ठाऊक आहे ते सांगावे, सांगितलेले लिहून ठेवावे, आणि पैसा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत करावा, या तीन गोष्टी पाळल्या तर बहुतेक तंटे उद्भवणारच नाहीत. जे उद्भवतील ते मिटविताना शेतकऱ्याची पत राहील आणि त्याचा पेरणीचा पैसाही सुरक्षित राहील.